गाडी तापली की सेल्फ नुसता 'टक्' करतो

मांडवीचा ८००वाला: मंडळी, १९९७ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. सकाळी एका सेल्फमध्ये चालू. बडोद्यात मांडवीहून अलकापुरीला जाऊन, काम उरकून पुन्हा किल्ली फिरवली की नुसतं टक्. हेडलाइट मंदावत नाहीत. दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारला की लगेच सुरू. बॅटरी नवी टाकली, तरी तेच. गॅरेजवाला म्हणतो अख्खा सेल्फ बदला. बदलू का? हो, ऑगस्ट २०२४च्या पुरात गाडी सीटपर्यंत पाण्यात होती.

पाना-पक्कड: सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा स्विच, गेलाय. खोलून आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट बघा.

रावपुऱ्यातले काका: अहो, खोलताय काय लगेच! आणि पुराचं शेवटी सांगता होय? विश्वामित्री नदीचं पाणी पिऊन आलेल्या गाडीची आधी अर्थिंग बघायची. धक्क्याने सुरू होते म्हणजे इग्निशन, पेट्रोल ठीक. लाइट मंदावत नाहीत म्हणजे सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोचत नाहीये.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून. काळा प्रोब बॅटरीच्या मायनस खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे. लाल प्रोब इंजिनाच्या उघड्या धातूवर. आता घरच्या कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला की चोर सापडला, अर्थिंगच खराब. हे सगळं गाडी तापलेली आणि अडलेली असतानाच करा. थंड गाडीवर सगळं छानच दिसतं.

तिथे काही नाही निघालं, तर किल्ली फिरवून सोलेनॉइडच्या बारीक वायरवर मोजा. १०च्या खाली आलं तर किल्लीचा स्विच थकलाय, मधे रिले (करंट जोडणारा वेगळा स्विच) टाका. सेल्फ बदलायचं त्यानंतर बघू.

मांडवीचा ८००वाला: काका, ३.४ दाखवलं! गिअरबॉक्सवरचा अर्थिंग केबलचा बोल्ट काढला तर लगखाली (केबलच्या टोकाच्या कडीखाली) हिरवी बुरशी साचलेली. पॉलिश पेपरने घासून कसला, आता ०.२. तापलेली गाडीही उचलते.

रावपुऱ्यातले काका: मग गॅरेजवाल्याला फोन करून सेल्फची ऑर्डर थांबवा. पण लगजवळचं रबर थोडं सोलून बघा. आत तांबं काळं पडलं असेल तर घासून फार दिवस निघणार नाहीत, केबलच नवी टाका. काढताना मायनस आधी, लावताना शेवटी. आणि इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून बॅटरीवर मोजा: १३.८ ते १४.४च्या मधे हवं. त्या पाण्यात अल्टरनेटरही बुडाला होता.