अमेरिकन टीन कॉमेडी सिनेमे: खरंच दम आहे की आपणच उगाच डोक्यावर घेतलेत?

खिडकीतली_सीट
थेट विचारतो. 'द ब्रेकफास्ट क्लब' १९८५चा, 'फेरिस ब्युलर्स डे ऑफ' ८६चा, 'क्लूलेस' ९५चा, 'मीन गर्ल्स' २००४चा. यातल्या एकाही शाळेशी आपलं काही घेणंदेणं नाही, आपल्याकडे ना लॉकर ना प्रॉम (शाळेचा नाचाचा सोहळा), डिटेन्शन हा प्रकारही निम्म्यांना केबलवर हे सिनेमे बघूनच कळला. तरी लोक परत परत बघतात. "नॉस्टॅल्जिया हो, दुसरं काय" म्हणून विषय उडवणाऱ्यांनी मला सांगा, २००० नंतर जन्मलेली पोरं ८५ सालच्या कुठल्या आठवणी काढतायत?

मला वाटतं यात शाळा हे निमित्त आहे, खरा विषय उतरंड. कोण कुणाशेजारी बसणार, कोण कुणाला ओळख दाखवणार. ब्रेकफास्ट क्लबमधला डब्याचा सीन आठवा. शनिवारी शिक्षा म्हणून लायब्ररीत डांबलेली पाच पोरं जेवायला बसतात. श्रीमंताघरची क्लेअर सुशी मांडते, कुस्तीवाला अँड्र्यू पिशवीतून सँडविचवर सँडविच काढतच राहतो, अभ्यासू ब्रायनकडे सूप आणि कडा कापलेलं पीनट बटर सँडविच, म्हणजे आईने किती निगुतीने भरलाय बघा. अ‍ॅलिसन ब्रेडमधलं मांस भिरकावते, त्यात साखर आणि सीरिअल कोंबते आणि कराकरा चावत बसते. बेंडरकडे डबाच नाही. मग तो ब्रायनच्या डब्याची टर उडवतो, त्याच्या गोड गोड घराची नक्कल करतो, आणि लगेच स्वतःच्या मारकुट्या बापाची. हसता हसता घास अडकतो. हे जुनं कसं होणार?

रोखठोक
डब्याचं मान्य. पण तुम्ही सोयीचं तेवढं उचललंत. ब्रेकफास्ट क्लबच्याच दिग्दर्शकाचा, जॉन ह्यूजेसचा, आदल्या वर्षीचा 'सिक्स्टीन कँडल्स' का नाही घेतला यादीत? त्यात आशियाई पोरगा पडद्यावर आला की घंटा वाजते, विनोद म्हणून. आणि हिरो, ज्याच्यावर तेव्हाच्या पोरी फिदा होत्या, तो दारू पिऊन शुद्ध हरपलेल्या आपल्या गर्लफ्रेंडला बापाच्या गाडीत घालून दुसऱ्या पोराच्या हवाली करतो, घरी सोड म्हणून, आणि पुढे काय झालं असेल त्यावरही हसायचं. याला तुम्ही क्लासिक म्हणणार असाल तर धन्य आहे. खुद्द मॉली रिंगवाल्ड, जी दोन्ही सिनेमांत हिरॉइन होती, तिनेच २०१८ मध्ये न्यू यॉर्कर मासिकात लेख लिहिला, लेकीबरोबर ब्रेकफास्ट क्लब बघताना आपण कसे अवघडलो ते. तुमचा तो लाडका बेंडर सिनेमाभर क्लेअरला छळतो, टेबलाखाली लपून तिच्या स्कर्टमध्ये डोकावतो तो सीन आठवा, आणि शेवटी तीच त्याला कानातला हिऱ्याचा डूल काढून देते!

जर्सीकर_आई
रोखठोक, तो लेख मी वाचलाय. ती फक्त झोडपत नाही हो, या सिनेमांनी एकेकट्या पडलेल्या कितीतरी पोरांना आधार दिला हेही ती लिहिते, म्हणजे तिचाच जीव दोन्हीकडे अडकलाय. आता आमच्या घरचं सांगते. लेकीने 'सिक्स्टीन कँडल्स' अर्ध्यात बंद केला, "आई, हे क्रीपी आहे" म्हणाली, मी काय बोलणार. पण मीन गर्ल्स तिला तोंडपाठ. त्यातली केडी आफ्रिकेतून येते, आधी कधी शाळेतच गेलेली नसते, पहिल्या दिवशी ट्रे घेऊन बाथरूममध्ये जाऊन जेवते. मग जॅनिस तिला कँटीनचा नकाशा काढून देते, कुठल्या टेबलावर कुठली टोळी. आम्ही भारतातून इथे आलो तेव्हा लेक सहावीत होती आणि पहिले काही महिने कुठे बसायचं कळेना म्हणून डबा तसाच परत आणायची. पुढे हा सीन पाहून जी हसत सुटली ती थांबेचना. सिनेमातल्या एका संवादात ३ ऑक्टोबर ही तारीख येते, म्हणून दर ३ ऑक्टोबरला मैत्रिणींचा मीन गर्ल्सवरून धुडगूस असतो तो वेगळाच.

खिडकीतली_सीट
@रोखठोक, घंटेचं समर्थन कोण करतंय? पण 'क्लूलेस'ला यातला कुठला आरोप लावाल? एमी हेकरलिंगने जेन ऑस्टिनची १८१५ची 'एमा' उचलून बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत नेऊन ठेवली. बघणाऱ्या पोरांपैकी किती जणांनी ऑस्टिन वाचलीय? तरी चाललं. 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू' तर शेक्सपिअरवरून. लग्नं जुळवणारी, दुसऱ्याचं भलं करायला निघून तोंडावर आपटणारी पोरगी दोनशे वर्षं चालतेय, हिला मोबाइल दिला काय नि घोडागाडी दिली काय.

ऑरेंज_सिटी
अबे भाऊ, फेरिसचं कोणीच बोलत नाही का? मला तर तो पोरगा डोक्यातच जाते. श्रीमंत बाप, शाळेला दांडी, मायबापाला उल्लू बनवते, शिकागोभर हिंडते आणि काहीच होत नाही त्याचं. आपण असं केलं असतं तर बापाने सोलून काढलं असतं. त्याच्या बहिणीला राग येते ना, मी पूर्ण तिच्या पार्टीत.

बॅकबेंचर९०
@ऑरेंज_सिटी, कारण सिनेमा फेरिसचा नाहीच, त्याच्या दोस्ताचा, कॅमेरॉनचा आहे. म्युझियमचा सीन बघ परत. फेरिस तिकडे गर्लफ्रेंड स्लोनला किस करतोय आणि कॅमेरॉन फ्रेंच चित्रकार स्युराच्या त्या भल्यामोठ्या, ठिपक्यांनी रंगवलेल्या चित्रासमोर एकटा उभा. चित्रातली लहान मुलगी, मग कॅमेरॉनचे डोळे, परत मुलगी, कॅमेरा दर वेळी अजून जवळ, शेवटी चेहरा जाऊन नुसते रंगाचे ठिपके उरतात. दांडी मारायच्या कॉमेडीत हे कोण टाकतं? आणि शेवटी कॅमेरॉनच्या बापाच्या गाडीची वाट लागते, फेरिस म्हणतो दोष मी घेतो, तर कॅमेरॉन नको म्हणतो, बापासमोर मीच उभा राहणार. माझ्यासाठी सिनेमा तिथे संपला.

रोखठोक
हे मात्र चांगलं लिहिलंत. तरी मुद्दा सोडत नाही. टिकतं ते चांगलंच असतं असं नाही, टीव्हीवाल्यांनी वर्षानुवर्षं तेच ते दळलं म्हणूनही टिकतं. हेकरलिंगचाच १९८२चा 'फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमाँट हाय' इथे कुणाला आठवला? त्यातली स्टेसी भावाला सांगते मला बोलिंगला सोड, आणि तो गाडीच्या आरशात बघतो तर ही रस्ता ओलांडून गर्भपाताच्या क्लिनिकमध्ये जातेय. बाहेर आल्यावर भाऊ वाट बघत उभा. लेक्चर नाही, तमाशा नाही, घरी सांगणार नाही म्हणतो. ८२ साली! आणि आपण मिरवतो कुणाला, तर अ‍ॅलिसनला पावडर-लाली लावून 'सुंदर' करून टाकणाऱ्या ब्रेकफास्ट क्लबला.

खिडकीतली_सीट
विसरलं कोण? अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या सरकारी यादीत, 'फास्ट टाइम्स' २००५ लाच गेला, फेरिस २०१४ ला आणि ब्रेकफास्ट क्लब त्याच्याही नंतर, २०१६ ला. म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, फक्त आवाज चढवून.

जर्सीकर_आई
अ‍ॅलिसनच्या मेकओव्हरवर रोखठोकांना माझं शंभर टक्के अनुमोदन. काळ्या कपड्यांत कशी झकास दिसत होती ती!

ऑरेंज_सिटी
ते सगळं ठीक आहे, पण कॅमेरॉनच्या बापाची १९६१ची फेरारी काच फोडून खाली गेली त्याचं काय? माझा तर तिथेच जीव गेला.

बॅकबेंचर९०
खरी नव्हती ती, शूटिंगसाठी बनवलेल्या नकली गाड्या होत्या. झोप आता.