चर्चा: माळ सोपा, म्हणून नवख्यांनी पहिली गाडी तिथेच न्यावी का?

माळकरी (धागाकर्ता)

आमच्या कोलोरॅडोतल्या मराठी मंडळींच्या गटात परवा एकाने विचारलं, "नवी फोर-बाय-फोर घेतली आहे, डांबर सोडून कधी चालवलेली नाही. पहिल्यांदा कुठे नेऊ?" पाच जणांनी एकच नाव सांगितलं: पॉनी नॅशनल ग्रासलँड, म्हणजे अमेरिकन सरकारच्या ताब्यातला गवताळ माळ. कडे नाहीत, दगड नाहीत, फोर्ट कॉलिन्सहून तासाभराची वाट. "डोळे मिटून जा," असंही एकाने लिहिलं.

मला हे अजिबात पटलेलं नाही.

डोंगरातल्या वाटेला एका अंगाला कडा असतो, दुसऱ्या अंगाला दरी. तिथे गाडी वाटेवरच राहते, कारण दुसरीकडे जायला जागाच नसते. माळावर अडवणारं काही नाही. समोर डबकं दिसलं की नवखा माणूस स्टिअरिंग जरासं वळवतो आणि गवतावरून निघून जातो. मागचा त्याच्या खुणेवरून जातो. पुढच्या पावसात तिथेही डबकं साचतं, मग तिसरा आणखी बाहेरून. तिथल्या ब्रिग्जडेल गावाच्या उत्तरेला अशी एक जागा मी पावलांनी मोजली. मूळ वाट एका गाडीपुरती, आता चाकोऱ्यांच्या चार जोड्या, रुंदी एकवीस पावलं.

तिथलं गवत जेमतेम घोट्याएवढं, ब्लू ग्रामा आणि बफेलो ग्रास. वरून खुरटं दिसतं, पण त्याचा खरा पसारा मुळांचा आहे. १९३०च्या दशकातल्या धुळीच्या वादळांत शेतकरी इथल्या नांगरलेल्या जमिनी सोडून गेले, सरकारने त्यांतल्या पुष्कळ विकत घेतल्या आणि १९६० साली हे नॅशनल ग्रासलँड झालं. त्या वेळी नांगरलेल्या तुकड्यांवर पन्नास वर्षांनीसुद्धा ब्लू ग्रामा पुरतं परतलं नव्हतं. चाक काही नांगर नव्हे, कबूल. पण ओल्या मातीत रुतून फिरणारं चाक मुळं उपटतंच.

म्हणून माझं म्हणणं: नवख्याला आधी खडकाळ वाटेवर शिकवा. माळ नंतर.

चारचाकी

असहमत, आणि जरा दुखावून लिहितोय, कारण त्या पाचांतला एक मी आहे.

माझे वडील मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याहून आले होते. वय बहात्तर, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. डोंगरातल्या खडकाळ वाटेवर त्यांना अर्धा तास बसवलं तर रात्रभर कंबर धरून बसले. पॉनीला मात्र सकाळपासून दुपारपर्यंत गाडीत होते. ताशी दहा-पंधरा मैल, काचा खाली, प्रॉंगहॉर्नचा (हरणासारखा दिसणारा तिथला प्राणी) कळप कुंपणापलीकडून आमच्या बरोबरीने धावत होता. दूरवरून पॉनी ब्यूट्सचे दोन सुळके दिसले तेव्हा म्हणाले, "हे तर आपल्या माणदेशासारखं झालं." तीन आठवड्यांच्या मुक्कामात त्यांनी दुसऱ्या कुठल्या जागेबद्दल इतकं बोलल्याचं मला आठवत नाही.

नवख्यांना खडकावर पाठवा म्हणता, तिथे चूक झाली तर गाडी उलटते. माणसाचा जीव आधी की गवत? आणि लोकांनी हा माळ पाहिलाच नाही, तर उद्या तो वाचवा म्हणून कोण बोलणार? बहुतेकांच्या लेखी ती विमानतळाच्या पलीकडची रिकामी जागा आहे.

टिटवी

माळकरींशी सहमत, पण माझं कारण पक्ष्यांचं आहे.

मे महिन्यात मी तिथे पायी फिरत होते. वाटेपासून फार तर दोन हातांवर, एका झुडपाच्या बुडाशी, वाटीएवढा खळगा. त्यात फिकट निळी चार अंडी. मादी माझ्या पायाजवळून उडाली म्हणून कळलं, नाहीतर बूट तिथेच पडला असता. लार्क बंटिंगचं घरटं. कोलोरॅडोचा राज्यपक्षी, नर काळा कुळकुळीत, पंखावर पांढरा पट्टा. माउंटन प्लोव्हर तर झुडपाचाही आधार घेत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो. डबकं चुकवायला वळवलेल्या चाकाखाली नेमकी हीच पट्टी येते, आणि गाडीत बसलेल्याला काही चिरडल्याचं कळतसुद्धा नाही.

चारचाकी, तुमच्या वडिलांबद्दल वाचून फार बरं वाटलं. तुम्ही वाटेवरच राहिलात, याची मला खात्री आहे. पण "डोळे मिटून जा" वाचून निघालेला माणूस राहील का?

ग्रीलीकर

कामानिमित्त आठवड्यातून तीन दिवस त्या भागात असतो. दोन्हीकडच्यांनी एक गोष्ट सोडून दिली आहे, ती म्हणजे पाऊस.

कोरड्या दिवशी या वाटा साध्या सेडानने होतात. अर्धा तास पाऊस झाला की तीच चिकणमाती टायरच्या नक्षीत थापली जाते आणि टायर गुळगुळीत होतो. चारही चाकं फिरतात, गाडी आडवी सरकते. तिथे फोर-व्हीलचा उपयोग नाही, टायरमधली हवा कमी करून फारसा फरक पडत नाही. थांबायचं, ऊन पडू द्यायचं. मी एकदा पाच तास थांबलो आहे. आणि जून-जुलैत दुपारनंतर ढग येतात ते विचारून येत नाहीत.

दुसरं, उंच वाळलेल्या गवतात गाडी उभी करू नका. गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा डबा) तापलेला असतो, खालून पेट घ्यायला वेळ लागत नाही.

रस्ता चुकण्याची भीती मात्र नको. हा माळ वेल्ड काउंटीत (जिल्ह्यात) येतो, आणि तिथे सम आकड्यांचे रस्ते पूर्व-पश्चिम, विषम आकड्यांचे उत्तर-दक्षिण. मोबाइलला रेंज नसली तरी पाटी वाचून बाहेर पडता येतं.

चारचाकी

ग्रीलीकर, हेच तर! ही माहिती दिली की झालं, बंदी कशाला? आणि तेलविहिरींचे ट्रक दिवसभर त्याच भागात धावतात, त्यांच्यापुढे आमच्या रविवारच्या गाड्या किती?

ग्रीलीकर

ट्रकांची धूळ मी दर आठवड्याला खातो, त्यामुळे त्यांची बाजू घेणार नाही. पण ते खडी टाकलेल्या रस्त्यावरून विहिरीपर्यंत जातात. विहिरीच्या चौथऱ्याने जागा खाल्ली ती खाल्लीच, मात्र मोकळ्या गवतावर ट्रक घातलेला मी पाहिलेला नाही. रविवारच्या गाड्या पाहिल्या आहेत.

सुपेकर

मी पुण्याहून. आमच्याकडे सुपे-सासवडच्या माळांवर हेच झालं. लांडगा आणि चिंकारा दिसतात म्हटल्यावर सुटीच्या दिवशी जीपा यायला लागल्या, आणि लांडग्याच्या मागे गाडी घालणारे बहुतेक प्राणिप्रेमीच होते. धाविक पक्ष्याची अंडी तिथेही उघड्या मातीवरच असतात. पुढे वनखात्याने कडबनवाडी आणि शिर्सुफळला ठरलेल्या मार्गांची सफारी सुरू केली. निदान तिथे गाडीने कुठून जायचं हे तरी ठरलं. म्हणून मला चारचाकींचंही पटतं. लोक येणारच. प्रश्न चाकोरीचा आहे.

माळकरी

सुपेकर, धन्यवाद. ठरलेली चाकोरी इथेही आहे, तीच लोक बघत नाहीत. २००५च्या नियमानुसार फॉरेस्ट सर्व्हिसच्या (अमेरिकेचं वनखातं, पॉनीही त्यांच्याकडेच) जमिनीवर मोटार व्हेइकल यूज मॅपवर दाखवलेल्या वाटांवरच गाडी नेता येते. नकाशा फुकट मिळतो. चाकाच्या खुणा दिसल्या म्हणजे ती वाट झाली, असं नाही. शिवाय पॉनी सलग नाही, सरकारी आणि खाजगी जमिनी बुद्धिबळाच्या पटासारख्या मिसळल्या आहेत, तेव्हा नकाशाबाहेर गेलात तर कदाचित कुणाच्या तरी कुरणात शिरला असाल.

चारचाकी, "माळ नंतर" हे मी मागे घेतो. तुमच्या वडिलांना मी खडकावर पाठवलं नसतं. पण "सोपा" हा शब्द मागे घ्या, एवढी विनंती आहे. याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कोमांचे ग्रासलँडमध्ये, सांता फे ट्रेल या जुन्या व्यापारी मार्गावरच्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. तो रस्ता १८८० च्या सुमारास बंद पडला.

चारचाकी

"डोळे मिटून" मी लिहिलं नव्हतं, पण त्या उत्तराला अंगठा दिला होता, तो काढतो. "सोपा" मात्र मागे घेणार नाही. चालवायला तो सोपाच आहे, खोटं कसं सांगू? त्या नव्या गाडीवाल्याला मी फोन केला. येत्या शनिवारी माझ्या गाडीच्या मागे येतोय. नकाशा छापून घेतलाय. डबकं लागलं तर उतरून खोली बघायची, जमेल असं वाटलं तर मधूनच जायचं, नाहीतर मागे फिरायचं. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर बंद.

टिटवी, तुम्ही येता का? घरटी कुठे असतात ते त्याला तुम्हीच दाखवा.

टिटवी

येते. पण सकाळी सहाला निघू, दुपारच्या ढगांच्या आत परत. आणि शुक्रवारी रात्री पाऊस झाला तर पुढचा शनिवार.