सत्तावाटप, सत्तावाटणी की आघाडी?

प्रश्न : झिम्बाब्वेवर लिहिते आहे. २००८च्या करारानंतर रॉबर्ट मुगाबे यांचा सत्ताधारी झानू-पीएफ आणि मॉर्गन त्स्वांगिराई यांचा विरोधी एमडीसी हे हाडवैरी पक्ष एकाच मंत्रिमंडळात बसले; मुगाबे अध्यक्ष राहिले, त्स्वांगिराई पंतप्रधान झाले. याला ‘आघाडी सरकार’ म्हणावे का? ‘सत्तावाटप’ही वाचनात येते.

प्रतिसाद : ‘आघाडी’ नकोच. आघाडी किंवा युती पक्ष आपापल्या हिशेबाने, पण आपखुशीने करतात. तिथे मार्च २००८मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत त्स्वांगिराईंना ४७.९ टक्के मते पडली, मुगाबेंना ४३.२. दुसऱ्या फेरीआधी विरोधी कार्यकर्त्यांना इतकी मारहाण झाली, इतके जण मारले गेले, की त्स्वांगिराईंनी माघार घेतली. पुढे शेजारी देशांच्या दबावाने आणि दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या मध्यस्थीने १५ सप्टेंबरला हरारेत सह्या झाल्या. याला आघाडी म्हटले, तर मार खाल्लेली माणसे त्या शब्दातून गळूनच जातात.

प्रतिसाद : सहमत. ‘वाटप’ही जपून वापरा. वाटप करणारा वरचा, घेणारा खालचा : धान्यवाटप, खातेवाटप. वाटणीत मात्र भावाभावांसारखा दोघांचा हक्क आधीच मान्य असतो. कागदावरचा करार सत्तावाटणीचाच होता : ३१ मंत्रिपदांपैकी १५ झानू-पीएफला, १३ त्स्वांगिराईंच्या गटाला, ३ एमडीसीच्या दुसऱ्या गटाला. प्रत्यक्षात लष्कर मुगाबेंकडेच राहिले आणि गृहखात्यावर दोन्ही पक्षांचा एकेक मंत्री बसवावा लागला. एमडीसीच्या तेंडाई बिटींना अर्थखाते मिळाले, तेव्हा तिजोरी रिकामी होती. ब्रिटिश भारतातल्या १९१९च्या सुधारणांतली ‘राखीव’ (गव्हर्नरच्या हातातली) आणि ‘सोपीव’ (भारतीय मंत्र्यांकडे दिलेली) खाती आठवतात. पोलीस राखीव, शिक्षण आणि आरोग्य सोपीव. हे जुने शब्द या लेखात चपखल बसतील.

प्रश्नकर्ती : मग त्स्वांगिराईंना ‘नामधारी पंतप्रधान’ लिहू?

प्रतिसाद : कृपया नको, तो अन्याय होईल. त्यांनी फेब्रुवारी २००९मध्ये शपथ घेतली, त्याच्या महिनाभर आधी शंभर लाख कोटी झिम्बाब्वे डॉलरची नोट निघाली होती. त्याच सुमाराच्या कॉलऱ्याच्या साथीने चार हजारांवर बळी घेतले. त्याच वर्षी देशाने स्वतःचे चलन सोडून परकी चलने स्वीकारली, महागाई थांबली, दुकानांत माल दिसू लागला. २०१३मध्ये नवी राज्यघटनाही आली. अधिकार अपुरे होते, पण काम झाले. ‘अर्धसत्ता’ चालेल का पाहा. केनियात २००८मध्येच अध्यक्ष किबाकी आणि त्यांचे प्रतिस्पर्धी ओडिंगा यांचे असेच सरकार आले, त्याला लोक स्वाहिलीत ‘नुसु म्काटे’, म्हणजे अर्धा पाव म्हणत.

प्रतिसाद : ‘अर्धसत्ता’ मथळ्याला ठीक, मजकुरात ‘सत्तावाटणी’च ठेवा. आणि १९८७चा मुगाबे-न्कोमो करार त्यात घालू नका. त्यात न्कोमोंचा झापू पक्षच झानूत मिसळला. ते विलीनीकरण.