लेकॅनेमॅबचे २७ टक्के: एवढं नाचण्यासारखं आहे का?

निवांत_नाशिककर:
अल्झायमरवर लेकॅनेमॅब नावाचं औषध आलं आलं म्हणून फॅमिली ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड फिरतंय. आजार २७ टक्के मंदावतो म्हणे. पण २७ टक्के कशाचे? १७९५ पेशंट, १८ महिने, आणि शेवटी १८ मार्कांच्या स्केलवर (जास्त मार्क म्हणजे जास्त बिघाड) औषधवाले आणि प्लासिबोवाले, म्हणजे नुसतं खोटं औषध घेणारे, यांच्यात फरक ०.४५. अर्धा मार्कपण नाही! बिघडले दोघंही, एक गट जरा हळू, एवढंच. आणि अमेरिकेत २०२३ मध्ये याची किंमत ठेवली वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर. मला तर हे पैसे पाण्यात वाटतात.

मीठभाकर:
अर्ध्या मार्काला हसू नका हो. त्या स्केलमध्ये स्मरणशक्ती, व्यवहार, घरकाम-छंद असे सहा भाग असतात आणि एका भागात अर्ध्यावरून एकवर जाणं म्हणजे किरकोळ गोंधळापासून रोजच्या कामात अडायला लागेपर्यंतचा प्रवास. हे औषध मुळात सुरुवातीच्या स्टेजलाच देतात, म्हणजे अजून स्वतः बँकेत जाणाऱ्या माणसाला. त्याला विचारा चार-सहा महिने जास्त मिळाले तर हवेत का.

निवांत_नाशिककर:
ते महिने जाणार कुठे तेही सांगा ना. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाईन, त्याआधी अमायलॉइड (मेंदूत साचणारं प्रथिन, ज्यावर हे औषध काम करतं) आहे का बघायला पेट स्कॅन नाहीतर पाठीतलं पाणी काढा, मग मेंदूला सूज नाही ना म्हणून एमआरआयवर एमआरआय. ट्रायलमध्ये साडेबारा टक्क्यांना सूज दिसलीच होती.

कडूगोड:
बहुतेकांना ती नुसती स्कॅनवर दिसली, लक्षणं काहीच नव्हती, हे गाळलंत. धोका एपीओई४ या अल्झायमरशी जोडलेल्या जीनच्या दोन कॉपी असणाऱ्यांना जास्त, म्हणून तर युरोपने जुलै २०२४ मध्ये नाही म्हणून नोव्हेंबरमध्ये त्यांना वगळून होकार दिला.

पाटीलबुवा:
अडुकॅनुमॅब या अल्झायमरच्याच आधीच्या औषधाच्या वेळी पण असंच चाललं होतं. सल्लागार समिती नको म्हणत असताना २०२१ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली, २०२४ मध्ये कंपनीनेच गाशा गुंडाळला. त्यापेक्षा बीपी, शुगर, कमी ऐकू येत असेल तर कानाचं मशीन यावर खर्च करा, लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाचं तज्ज्ञ कमिशन सांगतंय की ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येण्यासारखा आहे.

मीठभाकर:
बुवा, अडुकॅनुमॅबच्या दोन ट्रायलचे निकालच एकमेकांशी जुळत नव्हते, लेकॅनेमॅबची ट्रायल सरळ पास झालीय, दोन्ही एका माळेत ओवू नका. आणि कानाचं मशीन आधी लावायचं असतं हो, ज्यांचं निदान झालंय त्यांना आता काय सांगणार तुम्ही?

पाटीलबुवा:
त्यांना खर्चाचा आकडा आणि तो ०.४५ दोन्ही एकाच कागदावर लिहून द्या म्हणतो मी, मग घेऊ देत की.