मदत हवी आहे: ओठावरचा जर, नवऱ्याला हर्पिस आणि रविवारचं बारसं

नमस्कार. विषय नाजूक आहे म्हणून नवीन आयडी काढून लिहितेय. घाईत आहे, का ते शेवटी कळेल.

मला शाळेपासून ओठावर जर येतो. ताप येऊन गेला, उन्हात फिरले, पाळीच्या आधी जागरणं झाली, की खालच्या ओठाच्या डाव्या कडेला आधी चुणचुणतं. मग मोहरीएवढे पाण्याचे फोड, एकाला एक चिकटून. ते फुटतात, पिवळट खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत पडते. आई तूप लावायची आणि म्हणायची, "अंगातला ताप बाहेर पडतोय." हा विषाणूचा संसर्ग आहे आणि दुसऱ्याला लागतो, हे मला गेल्या महिन्यापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात आम्ही दोघं दापोलीला गेलो होतो. उन्हामुळे तिथेच जर फुटला. त्या दिवसांत आमचा तोंडावाटेही संबंध आला. परतल्यावर आठवड्याच्या आत नवऱ्याला लघवीला आग, जांघेत गाठी आणि नाजूक जागी अगदी तसेच फोड. लाजेपोटी त्याने मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून लावली. तिच्यात स्टिरॉइड होतं हे नंतर कळलं. तीन दिवसांत जखमा दुप्पट झाल्या.

मग एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट तपासलंही नाही, रक्तातल्या प्रतिपिंडांची आयजीएम चाचणी करायला सांगितली. ती पॉझिटिव्ह आल्यावर माझ्यासमोरच त्याला विचारलं, "बाहेर कुठे गेला होतात?" तो पांढराफटक पडला. खरं सांगते, दोन रात्री मीही त्याच्यावर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "मी नाही, तर मग तू?"

दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ओल्या फोडातला स्वॅब घेऊन पीसीआर केलं. निदान एचएसव्ही-१, म्हणजे हर्पिसच्या विषाणूचा टाइप १, ओठावरच्या जराचा तोच विषाणू. एचआयव्ही आणि सिफिलिस निगेटिव्ह. औषध ॲसायक्लोव्हिर, विषाणूवरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसातून तीनदा, दहा दिवस. लघवी करताना कोमट पाणी ओतत राहायचं म्हणजे आग कमी होते, हेही त्यांनीच सांगितलं आणि त्याचा त्याला गोळ्यांइतकाच आधार वाटला. आता जखमा सुकल्यात. पण "खालचा हर्पिस म्हणजे टाइप २, म्हणजे बाहेरूनच आलेला" हे त्याने कुठेतरी वाचलंय आणि ते डोक्यातून जात नाही. जेवतो, ऑफिसला जातो, रात्री पाठ करून झोपतो.

आम्ही मुलाचा विचार करत होतो, तो आता सोडून द्यायचा का? आणि सगळ्यात तातडीचं: रविवारी नणंदेच्या बाळाचं बारसं आहे, बाळ तेव्हा बारा दिवसांचं असेल. आज सकाळपासून माझा ओठ चुणचुणतोय. मी बाळाची मामी, पण आत्याच्या जागी पाळण्याशी उभी राहू का? सासूबाईंना काय सांगू?

प्रतिसाद
माझ्या वडिलांना हर्पिस झाला होता, कमरेला अर्धा पट्टा उठला होता. तो तर कुणाकडून लागला नव्हता.

प्रतिसाद
वरच्या प्रतिसादातली ती नागीण, हर्पिस झोस्टर. कांजिण्यांचा विषाणू उलटतो, तो हा नव्हे. नावामुळे घोळ होतो.

ताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आधी रविवारचं. चुणचुण सुरू झाली त्याच दिवशी व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध घेतलं तर जर लवकर आटोपतो. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा. बाळाला घेऊ नका, पापा तर नाहीच. नवजात बाळाला हा विषाणू लागला तर मेंदूपर्यंत जाऊ शकतो, जिवावर बेततं. खपली पडून कातडी पूर्ण भरेपर्यंत लांब राहा, मास्क लावा, ओठाला हात लागला की साबणाने धुवा. घरात एवढंच सांगा: जर आलाय, बाळाला लागेल. ते खरंच आहे, पुढचं कुणी विचारणार नाही.

आता नवऱ्याला हे वाचून दाखवा. जननेंद्रियावरचा हर्पिस टाइप १ नेही होतो आणि तोंडावाटे संबंधातूनच तो बहुधा तिथे पोहोचतो. लागण झाल्यापासून साधारण २ ते १२ दिवसांत फोड येतात. तुमच्या तारखा त्यात चपखल बसतात. कुणाकडून आला हे कुठलीच चाचणी सांगत नाही, पण इथे तिसरा माणूस शोधायची गरज मला दिसत नाही. आयजीएमवर तर विश्वासच ठेवू नका, ती जुनी-नवी लागण नीट सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतल्या दर तीन माणसांत जवळजवळ दोघांना टाइप १ आहे, बहुतेकांना लहानपणी घरातल्याच पाप्यातून आलेला.

विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत कायमचा राहतो, पण खालच्या भागात टाइप १ फारसा उलटत नाही. मूल जरूर होऊ द्या. तुमच्या अंगात हाच प्रकार आधीपासून असल्याने नवऱ्याकडून तो तुम्हाला नव्याने लागण्याची शक्यता फार कमी. गरोदरपणात डॉक्टरांना मात्र दोघांचंही सांगा. ओठावर जर आलेला असेल तेव्हा तोंडावाटे संबंध आणि चुंबन बंद. एरवी कंडोमने धोका कमी होतो, शून्य होत नाही. फोड नसतानाही विषाणू कधीकधी बाहेर पडतो.

धागाकर्ती
डॉक्टर, मनापासून आभार. त्याच रात्री गोळ्या घेतल्या. तुमचा प्रतिसाद मी वाचून दाखवला नाही, फोन त्याच्या हातात दिला. त्याने दोनदा वाचला, बोलला काही नाही.

बारशाला गेले, मास्क लावून दाराशी बसले. सासूबाईंनी हाक मारली, "अगं, आत्याच्या जागी तूच कुर्रर्र करायचं आहेस, ये की पुढे." मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "तिला जर आलाय, आई. बाळाला लागेल. नाव मोठीला सांगू दे." थोरल्या नणंदेने नाव ठेवलं, मी दारातूनच पाळणा म्हटला.

घरी आल्यावर त्याने विचारलं, गोळी कधी घ्यायची असते, चुणचुणल्यावर लगेच ना? डॉक्टर, पुढच्या वेळेसाठी एक कोर्स घरात आणून ठेवला तर चालेल का?