न्यू-ऑलेसुंड नेमके कोठे आहे आणि तेथील समुद्र का गोठत नाही?

भूगोलशिक्षिका
नमस्कार. नववीच्या वर्गात भारताच्या 'हिमाद्री' या संशोधन केंद्राविषयी सांगत असताना एका मुलीने विचारले, की हे केंद्र उत्तर ध्रुवावर आहे, तर ते तरंगत्या बर्फावर बांधले आहे का? हे केंद्र ज्या गावात आहे, ते न्यू-ऑलेसुंड नकाशात नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील स्पिट्सबर्गेन बेटावर, पश्चिम किनाऱ्याला सापडले. तेथून ध्रुव किती दूर आहे, आणि इतक्या उत्तरेला बोटी कशा ये-जा करतात, हे कोणी समजावून सांगेल का?

ध्रुवतारा
ताई, मुलीची शंका रास्त आहे, कारण 'उत्तर ध्रुवावरील केंद्र' असे सर्रास लिहिले जाते. हे गाव 78 अंश 55 मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. एका अंशाला सुमारे 111 किलोमीटर धरले, तर ध्रुव तेथून आणखी 1,230 किलोमीटर उत्तरेला येतो. हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. गाव पक्क्या जमिनीवर, ब्रॉगर द्वीपकल्पाच्या सखल किनारपट्टीवर, कोंग्सफ्योर्ड नावाच्या खाडीच्या दक्षिण काठाला वसले आहे.

समुद्र न गोठण्याचे कारण मात्र अक्षांशात शोधून सापडणार नाही. अटलांटिकमधून वर येणाऱ्या उबदार प्रवाहाची एक शाखा स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम किनाऱ्यालगत वाहते आणि तिचे पाणी खाडीतही शिरते. त्याच अक्षांशावर समोर ग्रीनलँडचा पूर्व किनारा आहे, पण तेथे ध्रुवाकडून बर्फ घेऊन खाली येणारा थंड प्रवाह असल्याने तो किनारा बर्फाने वेढलेला असतो. हे दोन किनारे नकाशावर शेजारी ठेवून दाखवले, तर सागरी प्रवाहांचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

वास्कोकर
आमच्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे 'हिमाद्री'चा कारभार आहे. 'हिमाद्री' 2008 मध्ये सुरू झाले. मी एका उन्हाळ्यात तांत्रिक कामासाठी तेथे राहिलो आहे. स्वालबार्डचे मुख्य गाव असलेल्या लाँगयिअरब्येनहून रस्ता नाही. सुमारे 110 किलोमीटरचे अंतर छोट्या विमानाने किंवा बोटीने पार करावे लागते. गावातील खगोलीय मापनाच्या अँटेनांना व्यत्यय येऊ नये म्हणून वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते. घरांची दारे कुलूपबंद नसतात, कारण अस्वल आले तर जवळचे कोणतेही दार उघडे मिळाले पाहिजे. हिवाळ्यात वस्ती तीस-चाळीस माणसांवर येते.

भूगोलशिक्षिका
मनापासून आभार. पण गाव नेमके याच जागी का वसले?

ध्रुवतारा
कोळशामुळे. 1916-17 च्या सुमारास येथे खाणकाम सुरू झाले आणि निवाऱ्याची खाडी असल्याने माल बोटीत चढवणे सोयीचे झाले. 1926 मध्ये नॉर्वेचे ध्रुवसंशोधक अमुंडसेन यांचे 'नॉर्गे' हे वायूने भरलेले हवाई जहाज (एअरशिप) येथूनच ध्रुवाकडे निघाले. ते बांधून ठेवण्यासाठी उभारलेला मनोरा अजून गावाबाहेर उभा आहे. 1962 मध्ये खाणीतील स्फोटात 21 खाणकामगार गेले, खाण बंद झाली, आणि पुढे गाव संशोधनाचे झाले.

वास्कोकर
ताई, आणखी एक. गावासमोर खाडीपलीकडे ब्लूमस्ट्रांडहाल्वोया आहे. त्याच्या नॉर्वेजियन नावातच 'द्वीपकल्प' (हाल्वोया) हा शब्द आहे, पण त्याला मुख्य भूमीशी जोडणारी हिमनदी मागे सरली आणि 1990 च्या दशकात ते चारी बाजूंनी पाण्याने वेढलेले बेट असल्याचे उघड झाले. वर्गातील नकाशा जुना असेल, तर तेवढी दुरुस्ती मुलांच्या हातून करून घ्यावी.