समलिंगी जोडप्याचे घरातील जगणे टिपताना ओळख कशी जपावी?

प्रश्न: छायाप्रकाश, राजारामपुरी

माझ्या परिचयातील दोन स्त्रिया कोल्हापुरात बरीच वर्षे एकत्र संसार करीत आहेत. घरातील रोजच्या जगण्याची छायाचित्रे काढण्यास त्यांनी मला संमती दिली आहे. त्यांतील काही पुढेमागे शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात मांडावीत, अशी माझी फार इच्छा आहे. मात्र एकीच्या माहेरी हे नाते ठाऊक नाही. घर जुन्या वाड्यातले असून उजेड एकाच खिडकीतून येतो. चेहरे टाळूनही त्यांचे सहजीवन दिसेल, असे काम कसे करावे?

उत्तर: जुना रोल

चेहरा चौकटीबाहेर ठेवला म्हणजे ओळख झाकली गेली, असे निदान कोल्हापुरात तरी समजू नये. पेठेत वाढलेला माणूस जिन्याचा कठडा, खिडकीबाहेरची कौले किंवा दुकानाचे नाव छापलेले कॅलेंडर पाहून घर कोणाचे ते सांगतो. हातावरचे गोंदण आणि नेहमीची साडीही तितकीच बोलकी असते. छायाचित्राच्या फाइलमधील ठिकाणाची (जीपीएस) नोंद तर कोणाला देण्यापूर्वी काढूनच टाकावी.

छायाचित्रकार सुनील गुप्ता यांनी १९८० च्या दशकात, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ लागू असताना, दिल्लीतील समलिंगी पुरुषांची छायाचित्रे काढली. त्यांतील काहींचे चेहरे दिसत नाहीत, तरीही ती माणसे चित्रात पुरती हजर आहेत, कारण त्यांची बसण्याची ढब आणि एकमेकांतील अंतर छायाचित्रकाराने नीट पाहिले आहे.

उजेडाचे म्हणाल, तर फ्लॅश नको. ३५ मिमीची लेन्स, एफ/२ इतके उघडे छिद्र आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० पुरेसे होईल. खिडकीसमोर पांढरी चादर टांगल्यास सावल्या मऊ होतात.

उत्तर: रंकाळाकाठ

आम्ही दोघे पुरुष भाड्याच्या घरात एकत्र राहतो, म्हणून आतून सांगतो. मिठीची वाट पाहू नका. आमचा संसार सकाळी पाणी कोण भरतो, तिखट डंकावरून (मिरची कांडण्याच्या गिरणीतून) कोण आणतो आणि दुसऱ्याच्या आईचा फोन आला की कोण गप्प बसतो, यात आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आमचे नाते गुन्हा राहिले नाही. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आमच्यासारख्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. एकत्र काढलेल्या वर्षांचा विवाहाच्या दाखल्यासारखा कागद आमच्यापाशी नाही, त्यामुळे अशा छायाचित्रांचे मोल आम्हाला फार वाटते.

एक विनंती आहे. प्रत्येक छायाचित्र दोघींना वेगवेगळे दाखवा, कारण जोडीदाराचे मन राखण्यासाठीही माणूस होकार देतो. काढण्याची संमती आणि मांडण्याची संमती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी कधीही मागे घेता येईल, हे लिहून द्या.

छायाप्रकाश

आपणा दोघांचे आभार. प्रदर्शनाचा विचार तूर्त बाजूला ठेवतो. पहिला संच केवळ त्यांच्यासाठी छापीन आणि मूळ फाइली त्यांच्याच स्वाधीन करीन.